स्पर्स २०१३-१४ : उतारवयातल्या तिघांचा हंगाम

डावखुरा (धागाकर्ता)

१९ जून २०१३, बुधवार. ऑफिसला दांडी मारून सकाळपासून टीव्हीसमोर बसलो होतो. एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनलची सहावी मॅच, आधी चार जिंकेल त्याचा चषक, आणि सॅन अँटोनियो स्पर्स ३-२ ने पुढे. मायामीच्या मैदानात शेवटची २८ सेकंदं उरलेली आणि स्पर्सकडे ५ गुणांची आघाडी. चषक देताना लोक आत घुसू नयेत म्हणून पिवळी दोरी आणली होती. मी आईला हाक मारली, ये गं, जिंकले. ती ओले हात पदराला पुसत आली आणि तिच्यासमोरच सगळं फिरलं. मायामीच्या लेब्रॉनचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) आत गेला. स्पर्सच्या कवाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) घालवला. लेब्रॉनचा पुढचा थ्री हुकला, त्यांच्याच बॉशने रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) ओढला, त्यांचाच रे ॲलन उलट पावली कोपऱ्यात सरकला आणि ५.२ सेकंद बाकी असताना त्याने बरोबरी साधली. पुढे ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने हार. आईला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण तिने एकच विचारलं, "तो उंच माणूस बाहेर का बसलाय?"

तो टिम डंकन. मायामीचे खेळाडू थ्री मारणार, म्हणून बाहेर धावत जाऊन अडवणारी चपळ माणसं हवीत, या हिशेबाने कोच ग्रेग पोपोविचने त्याला बाकावर बसवलं होतं. तो रिबाउंड घ्यायला डंकन आत नव्हता. सातवी, निर्णायक मॅचही हरले. तिथं मिनिटभराहून कमी वेळ उरलेला, स्पर्स दोन गुणांनी मागे, डंकन बास्केटपासून हातभर अंतरावर, पाठीशी त्याच्याहून बुटका मायामीचा बॅटिए. बॉल आत गेला नाही, परत आलेला टॅप केला तोही गेला नाही. डंकन मागे धावत आला आणि दोन्ही तळहात जमिनीवर आपटले. सोळा वर्षं ज्याचा चेहरा कधी हलला नव्हता त्याचं ते रूप बघून मी टीव्ही बंद केला.

स्पर्सच्या तिघा जुन्या खेळाडूंपैकी डंकन तेव्हा ३७ वर्षांचा, मानू जिनोबिली ३५ चा, टोनी पार्कर ३१ चा. मानूने त्या सहाव्या मॅचमध्ये आठ वेळा बॉल घालवला होता. संपलं यांचं, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो.

पुढच्या वर्षी नियमित हंगामात ते ६२ मॅच जिंकले, लीगमध्ये सर्वात जास्त. आणि जूनमध्ये त्याच मायामीला ४-१ ने हरवलं. पाच मॅचमध्ये मिळून ७० गुणांचा फरक, म्हणजे सरासरी १४. फायनलच्या इतिहासात इतका फरक कुणी ठेवला नव्हता.

हे कसं जमलं यावर मला इथं मनापासून बोलायचंय. माझं मत सांगतो. हे तिघं जिंकले ते जास्त जोर लावून नाही. त्यांनी आपापल्या हातातलं एकेक सोडलं. डंकनला २०११-१२ मध्ये २ कोटी डॉलरच्या वर मिळत होते, २०१२ च्या नव्या करारात तो वर्षाला साधारण १ कोटीवर आला. मानूचा पगार २०१३ मध्ये जवळपास निम्मा झाला. मिनिटंही सोडली: त्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही. मॅच ४८ मिनिटांची असते. विजेत्या संघात एकही माणूस ३० मिनिटं खेळलेला नाही, हे त्याआधी कधी झालेलं नव्हतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बॉल. त्याबद्दल खाली बोलूच.

ज्यांनी तो हंगाम बघितला त्यांनी लिहा. ज्यांनी नाही बघितला त्यांनी विचारा.


टेक्सासकर

डावखुरा, पिवळ्या दोरीची आठवण काढलीत आणि पोटात पुन्हा तसंच झालं. मी तेव्हा ऑस्टिनला होतो, सॅन अँटोनियो गाडीने दीड तास. २०१४ च्या फायनलची पहिली मॅच मी प्रत्यक्ष बघितली. तीच ती, एसी बंद पडलेली. जूनमधलं टेक्सास, आत हजारो माणसं आणि हवा हलत नाही. आमच्या रांगेत सगळे हातातल्या कागदाने वारा घेत होते. मे महिन्यात नागपूरला लग्नाच्या मांडवात बसावं तसं वाटत होतं. शेवटची चार मिनिटं राहिली तेव्हा लेब्रॉनच्या पायात गोळे आले आणि त्याला उचलून न्यावं लागलं. स्पर्स ११०-९५ ने जिंकले.

लोक म्हणाले, एसीने जिंकवलं. दुसरी मॅच मायामीने दोन गुणांनी काढली तेव्हा तर सगळीकडे तेच. पण मला त्या पहिल्या रात्री दुसरंच दिसलं होतं. इतक्या उकाड्यात ३८ वर्षांचा डंकन धावत होता, कारण वर्षभर त्याला जपून वापरलं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पोपोविचने डंकन, पार्कर, मानू आणि डॅनी ग्रीन या चौघांना मायामीच्या मॅचआधी सरळ घरी पाठवलं होतं आणि लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला होता. तिकीट काढून आलेल्या माणसाचा राग मला समजतो. तरी पोपचं (पोपोविचचं) बरोबर होतं असंच मला वाटतं.


नेट्सवाला

मी त्याच वर्षी न्यू जर्सीत होतो आणि माझ्या संघाने नेमकी उलटी वाट धरली होती, म्हणून लिहितोय. २०१३ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिन नेट्सने बोस्टनकडून केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले. गार्नेट ३७, पिअर्स ३५. आधीच डेरॉन विल्यम्स, जो जॉन्सन आणि ब्रुक लोपेझ होते. कोच म्हणून जेसन किड, जो दोनच महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतः खेळत होता. आम्ही ट्रेनमध्ये एकमेकांना सांगायचो, या वर्षी आपलंच.

डिसेंबर संपला तेव्हा १० विजय, २१ पराभव. लोपेझचा पाय मोडला. गार्नेटची सरासरी साडेसहा गुणांवर आली. ज्याने आयुष्यभर बोर्डाखाली राज्य केलं तो माणूस बाकावर गुडघ्यांवर टॉवेल टाकून बसलेला बघवत नसे. जानेवारीनंतर संघ सावरला, ४४ मॅच जिंकला, पहिल्या फेरीत टोरांटोविरुद्ध सातव्या मॅचच्या शेवटच्या क्षणी पिअर्सने लाउरीचा शॉट अडवला आणि एका गुणाने पुढे गेलो. नियमित हंगामात मायामीला चारही वेळा हरवलं होतं, पण दुसऱ्या फेरीत त्यांनीच ४-१ ने घरी पाठवलं. या सगळ्यासाठी मालकाने ९ कोटी डॉलरच्या वर नुसता लक्झरी टॅक्स (पगाराची मर्यादा ओलांडल्याचा दंड) भरला. शिवाय बोस्टनला पुढच्या वर्षांचे ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीचे) हक्क दिले. त्यातूनच त्यांना पुढचे तारे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले.

दोन्ही संघ म्हातारे. एक चषक घेऊन गेला, एक दहा वर्षं मागे गेला.


डावखुरा

नेट्सवाला, ही तुलना धाग्यातच घ्यायला हवी होती. तुमचे म्हातारे एका उन्हाळ्यात बाजारातून आणलेले होते आणि आमचे एकाच घरात म्हातारे झालेले, असं मला वाटतं. डंकन १९९७ चा, पहिल्या क्रमांकाने घेतलेला. मानू १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५७ वा, म्हणजे शेवटून दुसरा. पार्कर २००१ मध्ये २८ वा. २०१४ येईपर्यंत तिघांनी मिळून तीन चषक जिंकले होते. कुणाचा गुडघा कधी कुरकुरतो, कुणाला कुठं बॉल दिलेला आवडतो, हे एकमेकांना पाठ.


गणिती

लेखन आवडलं, पण एक मुद्दा पटत नाही. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू कवाय लेनर्ड होता, वय २२. तिसऱ्या मॅचमध्ये २९ गुण, चौथ्यात २० गुण आणि १४ रिबाउंड, पाचव्यात २२ आणि १०. आणि हे सगळं लेब्रॉनला अडवता अडवता. मग म्हाताऱ्यांचा हंगाम कसा म्हणायचा? तरुण पोराने जिंकवलं आणि कौतुक काकांचं, हे आपल्याकडे क्रिकेटमध्येही होतं.


डावखुरा

लेनर्डशिवाय चषक नव्हता, हे शंभर टक्के मान्य. पण त्याच मालिकेत स्पर्सकडून सर्वात जास्त सरासरी पार्करची होती, १८. डंकनची १५ च्या वर गुण आणि १० रिबाउंड. आणि आधीच्या वर्षी तो फ्री थ्रो घालवणारा पोरगा कोण? हाच लेनर्ड. २१ व्या वर्षी फायनलमध्ये असा फ्री थ्रो गेला की काही पोरं तिथंच मोडतात. त्याला कुणी बोल लावला नाही, कारण संघात त्याच्याहून मोठी चूक केलेली तीन मोठी माणसं होती. पुढच्या सरावशिबिराच्या सुरुवातीलाच पोपोविचने सगळ्यांना बसवून सहाव्या-सातव्या मॅचची चित्रफीत दाखवली. जखमेवरची पट्टी त्याने स्वतःच्या हाताने काढली. मला तर वाटतं ६२ विजयांची सुरुवात त्या खोलीत झाली.


मैदानावरची

मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, गेली अकरा वर्षं. मला मिनिटांबद्दल बोलायचंय, कारण रोज त्यावरच भांडण होतं. चांगल्या मुलीला बाहेर बसवलं की आधी ती रडते, मग तिचे बाबा फोन करतात. "मॅडम, आमचीला शिक्षा का?" मी मानूचं उदाहरण देते. अर्जेंटिनाला २००४ चं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणारा माणूस, आणि एवढी वर्षं स्पर्सकडे तो बहुतेकदा बाकावरून उठून यायचा. २००८ चा सर्वोत्तम सहावा खेळाडू तोच. पहिल्या पाचात नाव नाही म्हणून त्याचं काही कमी झालं नाही.

पण एक खरं सांगू? सांगायला सोपं आहे, ऐकायला फार अवघड. मी स्वतः खेळायचे तेव्हा आमच्या एका कोचनी मला घोट्याला पट्टी बांधून तिन्ही दिवस पूर्ण वेळ खेळवलं होतं. तू नसशील तर हरू, म्हणाले. मला त्याचा अभिमान वाटला होता तेव्हा. तो घोटा आजही पावसाळ्यात ठणकतो. त्यामुळे खेळाडूला आधीच थांबवणारा कोच दिसला की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. वाचणाऱ्यांना हे जरा जास्त वाटेल, पण आहे ते असं आहे.


डावखुरा

जास्त अजिबात नाही, ताई. लिहिलंत ते बरं केलंत.

घोट्यावरून आठवलं. २०१४ च्या पश्चिम विभागाच्या फायनलची सहावी मॅच, ओक्लाहोमा सिटीत. पार्करचा घोटा दुखावला, दुसऱ्या हाफमध्ये तो आलाच नाही. समोर ड्युरँट आणि वेस्टब्रूक, त्यांचं घरचं मैदान. ओव्हरटाइम झाला. तिथं डंकनने ७ गुण केले. शेवटची वीसेक सेकंदं राहिली असताना इबाकाला पाठीवर घेऊन, वळून त्याने जो शॉट टाकला तो माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. उडीही फारशी नाही. खांदा आत, एक पाऊल, वळला, टाकला. उंच उड्या मारणाऱ्या पोरांच्या लीगमध्ये ३८ वर्षांचा माणूस पायाच्या कामावर बास्केट काढत होता. ११२-१०७. बोरिस डिऑने त्या मॅचमध्ये २६ केले.


टेक्सासकर

डिऑवर वेगळा धागा काढायला हवा! शार्लट बॉबकॅट्सने त्याला मार्च २०१२ मध्ये सोडून दिलं होतं. तो संघ त्या वर्षी ७ मॅच जिंकला आणि ५९ हरला. त्यांना नको असलेला माणूस. पोट सुटलेलं, पळणं संथ. पार्करचा फ्रान्समधला लहानपणापासूनचा मित्र. पोपने २०१४ च्या फायनलच्या तिसऱ्या मॅचला त्याला पहिल्या पाचात घेतलं आणि मालिका फिरली.


खिडकीपाशी

मी यातली काहीच बघितलेली नाही, एनबीए हल्लीच बघायला लागले, स्पर्सच्या वेम्बान्यामामुळे. बॉलबद्दल खाली बोलू म्हणालात, ते राहिलं. पासिंगचं एवढं कौतुक का करतात त्या संघाचं? पास तर सगळेच देतात.


डावखुरा

बरं झालं विचारलंत. २०१४ च्या फायनलच्या तिसऱ्या मॅचच्या पहिल्या हाफबद्दलच सांगतो, कारण मी तो किमान तीस वेळा बघितलाय.

मायामीचा बचाव तेव्हा लीगमधला सर्वात आक्रमक. ज्याच्या हातात बॉल त्याच्यावर दोघं धावून जायचे. साधा हिशेब आहे, दोघं एकावर गेले की चौघांसमोर तिघं उरतात. पण हा हिशेब मांडायला वेळ मिळत नाही, कारण ते दोघं सेकंदात अंगावर असतात. स्पर्सने काय केलं तर कुणी बॉल हातात ठेवलाच नाही. पार्कर आत घुसतो, दोघं त्याच्यावर येतात, येईपर्यंत बॉल डिऑकडे गेलेला. डिऑकडे तिसरा येतो, तोवर बॉल कोपऱ्यात. कोपऱ्यातला ग्रीन बऱ्यापैकी मोकळा आहे, त्याने मारला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तो मारत नाही, कारण बाजूचा पूर्ण मोकळा आहे. त्यालाच देतो. म्हणजे चांगला शॉट सोडून द्यायचा, का तर अजून चांगला मिळेल. तुम्ही कधी खेळला असाल तर हे किती अवघड आहे ते कळेल. मोकळं बास्केट दिसलं की हात आपोआप वर जातो.

त्या हाफमध्ये ३३ पैकी २५ शॉट आत गेले. ७५.८ टक्के, फायनलमधला विक्रम. हाफला ७१ गुण. सकाळी साडेसहा-सातची वेळ, घरात सगळे झोपलेले, आणि मी तोंडावर हात दाबून ओरडत होतो.

आणि यात तिघा मोठ्यांनी काय सोडलं ते बघा. २००३ ते २००७ चे स्पर्स म्हणजे बॉल डंकनकडे द्या आणि सरका. सगळं त्याच्यावरून फिरायचं. हळूहळू तो बाजूला सरकत गेला, बॉल पार्करकडे आला, मग पार्करनेही तो एवढा वाटला की २०१३-१४ मध्ये स्पर्सचा सर्वात जास्त गुण करणारा खेळाडू म्हणजे पार्करच, आणि त्याची सरासरी फक्त १६.७. ज्याच्या हातून सगळं चालतं त्याने हात सैल करायचा, हे घरात जमत नाही हो. खेळात कुठून जमावं?


नेट्सवाला

हे वाचून आमचं कुठं चुकलं ते कळलं. आमच्याकडे लोपेझ सोडला तर बाकी चौघं आपापल्या जुन्या संघाचे कर्ते होते. प्रत्येकाने थोडं थोडं सोडलं, पण कुणी कुणासाठी सोडायचं तेच ठरलं नव्हतं.


गणिती

पासिंगचा मुद्दा मान्य. माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. आणि एक भर घालतो: पहिल्या फेरीत हा संघ बाहेर जाता जाता वाचला. डॅलस आठव्या क्रमांकाचा संघ, त्यांनी सात मॅचपर्यंत नेलं. तिसऱ्या मॅचमध्ये ३७ वर्षांच्या विन्स कार्टरने कोपऱ्यातून भोंग्याबरोबर थ्री मारला आणि डॅलस १०९-१०८ ने जिंकलं. पुन्हा कोपरा, पुन्हा थ्री! सातव्या मॅचला पार्करने ३२ केले म्हणून तरले. मार्चमध्ये एकही मॅच न हरलेला संघ, १६-०. एप्रिलमध्ये त्यांच्यावर ही वेळ.


डावखुरा

त्या कार्टरच्या शॉटला मी खरंच देव आठवले होते.


मैदानावरची

मानूच्या डंकबद्दल (उंच उडी मारून बॉल वरून बास्केटमध्ये घालणं) कुणीच कसं लिहिलं नाही? २०१४ च्या फायनलची पाचवी मॅच, १६ जून, सोमवार, आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू. मायामी २२-६ ने पुढे. मला वाटलं झालं, आता पुन्हा मायामीला जाणार मालिका. मग स्पर्स परत आले, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये मानू डाव्या हाताला बॉल घेऊन आत शिरला. वय ३६, डोक्याच्या मागे टक्कल. मी म्हटलं आता तो बॉल सोडून देईल, नेहमीसारखा. तर तो उडाला! समोर बॉश हात वर करून, आणि मानूने त्याच्यावरून डाव्या हाताने डंक केला. बाकावरचे सगळे उठून उभे. ज्याने वर्षापूर्वी निवृत्तीचा विचार केला असेल असं आपल्याला वाटत होतं, तो माणूस. १०४-८७ ने मॅच संपली.

संपल्यावर डंकन मुलांना जवळ घेऊन उभा होता. पहिला चषक १९९९ चा, हा पाचवा, २०१४ चा. तीन वेगवेगळी दशकं.


खिडकीपाशी

पुढे काय झालं तिघांचं?


टेक्सासकर

२०१५ ला पहिल्या फेरीत क्लिपर्सविरुद्ध सातव्या मॅचमध्ये ख्रिस पॉलच्या शॉटवर हरले. २०१५-१६ ला ६७ मॅच जिंकले, पण चषक नाही. डंकन त्या जुलैमध्ये थांबला, निरोपाचा दौरा न करता. मानू २०१८ ला. पार्कर शेवटचं एक वर्ष शार्लटला खेळला, ते मला अजून बघवत नाही. तिघांनी एकत्र ५७५ नियमित मॅच जिंकल्या, कुठल्याही तिकडीहून जास्त. लेनर्ड २०१८ ला टोरांटोला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथं चषक घेऊन आला. पोपोविच मे २०२५ मध्ये बाकावरून उठला.


खिडकीपाशी

सुरुवात कुठून करू?


डावखुरा

आधी २०१३ ची सहावी मॅच बघा, पूर्ण. अर्ध्यात बंद करावीशी वाटेल, करू नका. मग एक रात्र जाऊ द्या आणि २०१४ च्या तिसऱ्या मॅचचा पहिला हाफ लावा. आवाज बंद ठेवला तरी चालेल. फक्त बॉलकडे बघू नका, ज्याने आत्ताच बॉल दिलाय तो पुढे काय करतो ते बघा.


मैदानावरची

हेच मी उद्या मुलींना दाखवणार आहे. आमच्या शाळेतला प्रोजेक्टर चालला तर. नाहीतर फोनवर, सगळ्या भोवती बसून.